प्लेगच्या वाटेने : पिसा ते व्हेनिस, सात दिवस

दिवस पहिला, सोमवार : पिसा

पिसाला लोक झुकता मनोरा बघायला जातात. आम्हीही बघितला, फोटो काढले आणि त्याच हिरवळीच्या कडेला असलेल्या लांबलचक पांढऱ्या भिंतीच्या दारातून आत शिरलो. हे काम्पोसांतो, इथली जुनी दफनभूमी. मला पिसात बघायचं होतं ते आतलं एक भित्तिचित्र.

मी तीस वर्षं कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकवली. दरवर्षी प्लेगचा जंतू फळ्यावर काढायचे : दोन्ही टोकांना गडद, मध्ये फिकट, मिटलेल्या सेफ्टी पिनेसारखा. येर्सिनिया पेस्टिस. १८९४ साली हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर येर्सिननं तो शोधला. पुढे १८९८ मध्ये पॉल-लुई सिमोंनं कराचीत दाखवून दिलं की उंदराच्या अंगावरची पिसू तो वाहून नेते. मग पुढचं वाक्य : ‘१३४७ ते १३५१ या काळात युरोपातली निदान एक तृतीयांश, कदाचित निम्मी माणसं या जंतूनं नेली.’ हे वाक्य मी इतक्यांदा बोलले की ते तोंडातून निघायचं आणि पोटात काही हलायचं नाही. निवृत्तीनंतर ठरवलं, ती वाट एकदा पायाखाली घालायची. लेक मिलानला शिकते, तिनं आठवडाभराची सुट्टी काढली.

दुसरं कारण घरचं. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात पणजीच्या लहानपणी उंदीर पडायला लागले. उंदीर पडला की घर सोडायचं, एवढं तेव्हा पोराटोरांनाही कळत होतं. पणजीची आई जात्यावर बसली होती. निम्मं दळण झालेलं. ती तशीच उठली, पोरं काखेत मारली आणि सगळं घर माळावरच्या खोपटात राहायला गेलं. आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा मेलेल्यांची नावं भरभर घ्यायची, पण जात्यातल्या त्या अर्ध्या दळणाशी हमखास थांबायची.

तर ते भित्तिचित्र. ‘मृत्यूचा विजय’. डावीकडे नटूनथटून शिकारीला निघालेली घोडेस्वार मंडळी, आणि त्यांच्या वाटेत उघड्या पडलेल्या तीन शवपेट्या. आतली प्रेतं सडण्याच्या तीन अवस्थांमधली. एका स्वारानं नाक दाबून धरलंय. एका घोड्यानं मान लांब करून डोळे वटारलेत. मध्ये लुळे-पांगळे भिकारी मरणाला हात जोडून बोलावतायत, पण मरण त्यांना ओलांडून उजवीकडच्या बागेत गाणं-बजावणं करत बसलेल्या तरण्याताठ्यांकडे झेपावतंय. पाहणाऱ्याला वाटतं, प्लेग डोळ्यांनी बघितल्याशिवाय हे कोण काढेल? पुष्कळ काळ अभ्यासकही तसंच मानत होते. आता हे चित्र बुफाल्माक्कोचं आणि १३३०च्या दशकातलं मानलं जातं. म्हणजे प्लेगच्या आधीचं! बघणाऱ्यांतल्या कित्येकांवर दहा-बारा वर्षांनी तीच वेळ येणार होती. १९४४च्या जुलैत युद्धात इथलं छप्पर पेटलं, वितळलेलं शिसं भिंतींवरून ओघळलं, चित्र कसंबसं सोडवून काढलं गेलं. ते पुन्हा भिंतीवर यायला २०१८ उजाडलं.

दिवस दुसरा, मंगळवार : फ्लॉरेन्स

पिसाहून फ्लॉरेन्स आगगाडीनं तासाभराचं. प्लेग पिसात १३४८च्या जानेवारीत आला आणि फ्लॉरेन्समध्ये मार्चच्या सुमाराला. खिडकीतून आर्नो नदीचं खोरं दिसत होतं, आणि मी लेकीला त्याच्या आधीची वाट सांगत होते. काळ्या समुद्राकाठी क्रिमियात काफा नावाचं जिनोव्हाच्या व्यापाऱ्यांचं बंदर होतं. त्याला जानी बेगच्या मंगोल सैन्याचा वेढा पडला होता आणि त्या छावणीत रोग शिरला. मेलेल्यांची प्रेतं गोफणयंत्रानं तटाच्या आत फेकली, ही गोष्ट पिआचेंझाच्या गाब्रिएले दे मुस्सीनं लिहून ठेवली आहे. तो स्वतः तिथे नसावा, आणि रोगाला शिरायला प्रेतांची गरजही नव्हती. उंदरांना वेढा पडत नाही. ऑक्टोबर १३४७ मध्ये जिनोव्हाची बारा गलबतं सिसिलीत मेस्सिनाला लागली आणि तिथून बंदरामागून बंदर पेटत गेलं. मुळाचा धागा आता आणखी मागे गेलाय : किर्गिझस्तानात इस्सिक-कुल सरोवराजवळ १३३८-३९च्या थडग्यांवर सिरियाक लिपीत ‘साथीनं मेला’ असं कोरलेलं आहे, आणि त्या माणसांच्या दातांतून २०२२ मध्ये याच जंतूचा डीएनए मिळाला.

फ्लॉरेन्सचं स्टेशन सान्ता मारिया नोव्हेल्ला चर्चच्या पाठीशीच आहे. मी मंगळवार मुद्दाम साधला होता. बोकाच्चोच्या ‘डेकामेरॉन’ या कथासंग्रहात सात तरुणी एका मंगळवारी सकाळी याच चर्चमध्ये भेटतात, तीन तरुण त्यांना येऊन मिळतात आणि शहर सोडून जायचं ठरतं. त्या ग्रंथाच्या सुरुवातीचं प्लेगचं वर्णन मी वर्गात वाचून दाखवायचे. जांघेत नाहीतर काखेत गाठ, कुणाची सफरचंदाएवढी, कुणाची अंड्याएवढी. मेलेल्या माणसाची लक्तरं रस्त्यात फेकलेली, दोन डुकरांनी ती तोंडात धरून झटकली आणि थोड्याच वेळात त्याच लक्तरांवर मरून पडली. आपल्याकडेही याला गाठीचा ताप म्हणत. भाषा कुठलीही असो, माणसाचा हात आधी गाठीलाच लागला.

आतल्या आवारात ‘स्पॅनिश चॅपेल’ म्हणतात ते दालन आहे. गुइदालोत्ती नावाच्या व्यापाऱ्याची बायको १३४८ मध्ये गेली, आणि या दालनाचा खर्च त्यानं उचलला. भिंती जमिनीपासून छतापर्यंत रंगवलेल्या आहेत. सगळे बघे मान वर करून बघत होते. मला मात्र तो माणूस डोळ्यांपुढे येत होता, पैसे मोजून देणारा.

संध्याकाळी दुओमोच्या, म्हणजे इथल्या मुख्य चर्चच्या चौकात एक अँब्युलन्स उभी दिसली, मिझेरिकोर्दिया संस्थेची. ही संस्था १२४४ची. प्लेगच्या काळात प्रेतं उचलणाऱ्या या मंडळींचे स्वयंसेवक आजही रुग्ण उचलतात. गाडीला टेकून दोन पोरं सँडविच खात होती, अंगात गडद निळी-पिवळी जाकिटं. मी थांबून त्यांच्याकडे बघत राहिले तेव्हा लेक म्हणाली, “आई, त्यांना वाटेल तुला बरं वाटत नाहीये.”

दिवस तिसरा, बुधवार : फ्लॉरेन्स आणि पिस्तोइया

सकाळी ओर्सानमिकेले. मुळात धान्यबाजार, नंतर चर्च. आत ओर्कान्यानं घडवलेला संगमरवरी देव्हारा आहे, १३५९ मध्ये पुरा झालेला. रंगीत काच, सोनं, कोरीव काम, नजर ठरत नाही. मरणाऱ्या लोकांनी इथल्या दानसंस्थेला मृत्युपत्रानं ठेवलेली रक्कम साडेतीन लाख फ्लोरिन झाली, असं मात्तेओ व्हिल्लानी लिहितो. गरिबांना द्यायची म्हटली तर घेणारे गरीबच उरले नव्हते. एवढ्या झगमगाटापुढे उभं राहून माझं मन खिन्न झालं, ते मी लपवत नाही.

या मात्तेओचा थोरला भाऊ जोव्हान्नी व्हिल्लानी. फ्लॉरेन्सचा इतिहास लिहिणारा, शहरात शाळेत जाणारी मुलं किती, भट्ट्या किती, लोकर किती विणली जाते, हे आकडे लिहून ठेवणारा माणूस. प्लेगबद्दल लिहिताना त्यानं वाक्य सुरू केलं की ही साथ अमुक महिन्यापर्यंत टिकली, आणि महिन्यासाठी जागा मोकळी सोडली. साथ ओसरली की भरू, असा हिशेब. ती जागा भरायच्या आधी तो स्वतःच प्लेगनं गेला. पुढचा इतिहास मात्तेओनं लिहायला घेतला, १३६३च्या साथीत तोही गेला. मग मात्तेओच्या मुलानं, फिलिप्पोनं लेखणी उचलली. सबंध प्रवासात मला सगळ्यात जास्त वेळा आठवली ती ही कोरी जागा.

दुपारी पिस्तोइयाला जाऊन आलो, गाडीनं पाऊण तास. छोटं गाव, पर्यटक तुरळक. चौकातल्या पायरीवर बसून लेकीला इथल्या २ मे १३४८च्या नियमांबद्दल सांगितलं. पिसा आणि लुक्काहून कुणी यायचं नाही, इथून तिकडे जायचं नाही. वापरलेलं कापड, मग ते लोकरीचं असो की लिननचं, गावात आणायचं नाही. प्रेत लाकडी पेटीत घालून खिळे ठोकायचे, दुर्गंधी बाहेर येता कामा नये. आणि मर्तिकाची घंटा वाजवायची नाही, म्हणजे अंथरुणावरचे आजारी लोक घाबरणार नाहीत.

त्यांना जंतू ठाऊक नव्हता. पॅरिसच्या वैद्यकशाळेनं त्याच वर्षी निर्वाळा दिला होता की १३४५ मध्ये शनी, गुरू आणि मंगळ कुंभ राशीत एकत्र आले, त्यानं हवा नासली. पिस्तोइयाची पंचमंडळीही नासलेली हवाच टाळत होती. पण कापड अडवलं हे अचूक होतं, कारण कापडात पिसवा असतात. आणि घंटेचा नियम करणाऱ्याला आजारी माणसाच्या उशाशी बसल्याचा अनुभव असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

दिवस चौथा, गुरुवार : सिएना

फ्लॉरेन्सहून बसनं सव्वा तास. दोन्ही बाजूंना द्राक्षमळे, सरूची झाडं. बस गावाबाहेर सोडते, पुढे चढण.

सिएनासाठी मी दोन दिवस ठेवले होते, त्याला कारण एक भिंत. तिथलं मोठं चर्च, दुओमो, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या संगमरवराचं, तेव्हाच भव्य होतं. पण सिएनाला फ्लॉरेन्सशी बरोबरी करायची होती. बँका जोरात, व्यापार जोरात. १३३९ मध्ये त्यांनी ठरवलं की आहे हे चर्च नुसतं आडवं अंग म्हणून ठेवायचं आणि काटकोनात नवा प्रचंड मुख्य भाग उभारायचा. खांब उभे राहिले, बाजूची कमानींची रांग झाली, समोरची दर्शनी भिंतही चढली. मे १३४८ मध्ये प्लेग शहरात आला आणि काम थांबलं. ते पुढे कधीच झालं नाही.

सगळं खापर प्लेगवर फोडणंही बरोबर नाही. नंतर जाणकारांनी तपासलं तेव्हा बांधकामातच दोष निघाले आणि १३५७ मध्ये धोक्याचा भाग पाडावा लागला. पण दोष दुरुस्त करायला पुन्हा गवंडी, पुन्हा पैसा, पुन्हा ती उमेद लागते. यातलं काय शिल्लक होतं? शहरात प्लेगपूर्वी ५० हजारांच्या आसपास माणसं असावीत. निम्म्याहून जास्त गेली.

ती भिंत ‘फाच्चातोने’ म्हणून ओळखली जाते. खालून बघितली तर तिच्यातल्या भल्या मोठ्या खिडकीच्या चौकटीतून आभाळ दिसतं. जिथे हजारो लोक प्रार्थनेला बसायचे होते तिथे आज उघडा चौक आहे. फरसबंदीवर मोटारी उभ्या. एका बाजूच्या कमानी बुजवून आत संग्रहालय केलंय, दुसऱ्या बाजूचे खांब घरांच्या भिंतींत अर्धे गडप. वर जायला अरुंद गोल जिना आहे, एकावेळी एकच माणूस मावेल असा. भिंतीच्या माथ्यावर आलो तेव्हा वारा होता. हाताखालचा दगड बघितला : कडा धारदार, छिन्नीचे घाव अजून मोजता येतील असे. शेजारी पुढच्या दगडाला धरायला म्हणून सोडलेला दात तसाच बाहेर आलेला. पुढचा दगड आलाच नाही. लेक म्हणाली, “आई, जात्यातलं दळण.” मी काही बोलले नाही. मला बोलताच आलं नाही.

इथल्याच आन्योलो दी तूरा या बखरकाराचे शब्द मी वर्गात कधी वाचू शकले नव्हते. लोक त्याला ‘लठ्ठ’ म्हणत. तो लिहितो की मी, आन्योलो दी तूरा, माझी पाच मुलं माझ्या स्वतःच्या हातांनी पुरली. बाप मुलाला टाकून गेला, बायको नवऱ्याला, भाऊ भावाला, घंटा वाजत नव्हत्या, कुणी रडत नव्हतं, कारण जो तो स्वतःच्या मरणाची वाट बघत होता. सगळे एकमेकांना टाकून गेले असं म्हणणाराच मुलांना पुरायला थांबला होता. ही विसंगती त्याच्या लक्षात आली असेल का, असं मनात येत राहिलं.

दिवस पाचवा, शुक्रवार : सिएना

सकाळीच काम्पोच्या चौकात आलो. शंखासारखा उतरता चौक, विटांचे नऊ भाग. तेव्हाच्या नऊ जणांच्या राज्यकारभाराची खूण. हा कारभारही प्लेगनंतर सात वर्षांत, १३५५ मध्ये कोसळला. मनोऱ्याच्या पायथ्याशी संगमरवरी देवळी आहे. वाचलेल्यांनी नवस फेडण्यासाठी १३५२ पासून ती बांधायला घेतली. पोरं तिच्या पायऱ्यांवर बसून आइस्क्रीम खात होती.

चौकातल्याच नगरभवनाच्या सभागृहात आंब्रोज्यो लोरेन्झेत्तीची चित्रं आहेत, १३३८-३९ची. चांगल्या राज्यात काय होतं, वाईट राज्यात काय होतं. मी चांगल्या राज्याच्या भिंतीपुढेच रेंगाळले. जोड्यांचं दुकान, शिकवणारे गुरुजी, हात धरून फेर धरणारी मंडळी, डुक्कर हाकत निघालेला शेतकरी. वर एका घराच्या माथ्यावर गवंडी काम करतायत : एकाच्या डोक्यावर पाटी, एक वाकून वीट बसवतोय. सुखी गावाची खूण म्हणून चित्रकारानं चालू असलेलं बांधकाम काढलं. त्यानं ९ जून १३४८ला मृत्युपत्र केलं, आणि तो त्याच साथीत गेला. त्याचा भाऊ पिएत्रोही बहुधा तेव्हाच.

दिवस सहावा, शनिवार : प्रवास

सिएना, फ्लॉरेन्स, व्हेनिस. दिवस गाडीतच गेला. वाटेत लेकीनं विचारलं की एवढी माणसं गेल्यावर उरलेल्यांचं काय झालं? मजूर कमी झाले, मजुरी वाढली. इंग्लंडच्या राजानं १३४९ मध्ये हुकूम काढला की जुन्याच दरानं राबायचं, पण लोक ऐकेनात. जमीनदाराच्या जमिनीला बांधलेल्या भूदासांची बंधनं हळूहळू सैल झाली. भाकरीबरोबर मांसाचा तुकडा परवडायला लागला. पुस्तकं याला साथीचा परिणाम म्हणतात. खरं आहे ते. पण स्ट्रासबुर्गमध्ये १४ फेब्रुवारी १३४९ला, प्लेग शहरात पोचायच्याही आधी, विहिरीत विष कालवल्याच्या आरोपावरून शेकडो ज्यूंना जाळलं, हाही परिणामच. पोप क्लेमेंट सहावा लिहून सांगत होता की ज्यूही प्लेगनं मरतायत, मग ते विष कसे घालतील? ऐकलं कुणी नाही. हे सांगताना माझा आवाज चढला असावा, समोरच्या बाई बघायला लागल्या.

दिवस सातवा, रविवार : लाझारेत्तो नुओव्हो

व्हेनिसमध्ये आम्ही सान मार्को बघितलंही नाही. सकाळी फोन्दामेन्ते नोव्हेच्या धक्क्यावरून १३ नंबरची व्हापोरेत्तो बोट धरली. लाझारेत्तो नुओव्होला उतरायचं असेल तर आधी सांगावं लागतं, नाहीतर बोट तशीच पुढे जाते. उतरलो आम्ही मोजून सात जण.

व्हेनिसनं मार्च १३४८ मध्येच तीन माणसांची आरोग्यसमिती नेमली होती. तरी शहर वाचलं नाही. पण ती माणसं विचार करायची थांबली नाहीत. समुद्रापलीकडे रागुसा, म्हणजे आजचं दुब्रोव्हनिक. तिथं १३७७ मध्ये बाहेरून येणाऱ्यांना तीस दिवस वेगळं ठेवण्याचा नियम झाला. पुढे तिसाचे चाळीस झाले, क्वारान्ता, आणि त्यावरून क्वारंटीन. १४२३ मध्ये व्हेनिसनं एका बेटावर प्लेगच्या रुग्णांसाठी कायमचं रुग्णालय काढलं, ते लाझारेत्तो व्हेक्क्यो. आणि १४६८ मध्ये हे दुसरं बेट, आजारी नसलेल्या पण संशयितांसाठी.

मधोमध तेझोन ग्रांदे, शंभर मीटरहून लांब गोदाम. जहाजावरचा माल इथे उतरवायचे, उघडून हवेला टाकायचे, जुनिपर आणि रोझमेरीच्या धुरात धरायचे. आत शिरल्यावर गारवा आणि चुन्याचा वास. भिंतीवर तांबड्या रंगात सोळाव्या शतकातल्या व्यापाऱ्यांनी आणि हमालांनी लिहून ठेवलंय : नावं, मालाच्या खुणा, सायप्रसहून आलेलं, कॉन्स्टँटिनोपलहून आलेलं. वाट बघणाऱ्या माणसांचे हात ते. एका ठिकाणी अक्षरं सरळ रेषेत सुरू होऊन पुढे खाली घसरली आहेत, शिडीवर हात पुरेनासा व्हावा तशी.

मी पुण्याची असल्यानं क्वारंटीन या शब्दाशी माझं भांडण आहे. १८९७च्या पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घरात घुसून माणसं छावण्यांत ओढून नेली. त्या रागातून २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. त्याच साथीत सावित्रीबाई फुल्यांनी आजारी पोराला पाठीवर घेऊन आपल्या मुलाच्या, यशवंताच्या दवाखान्यात आणलं, आणि १० मार्चला त्या स्वतः प्लेगनं गेल्या. मुंबईत जानेवारीत हाफकिननं आपली प्लेगची लस पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली होती. नियम तोच. कोण, कुणाशी, कसं वागतं यावर सगळं येऊन ठरतं. इथल्या कुंपणाच्या भिंतीला लागून छोट्या छोट्या खोल्या होत्या, प्रत्येकीला स्वतःची चूल. निदान चूल तरी दिली होती.

परतीच्या बोटीला वेळ होता. धक्क्यावर बसलो. भरतीचं पाणी खाऱ्या दलदलीच्या पट्ट्यांतून आत येत होतं, पलीकडे सांत एरास्मोचे भाजीचे मळे.

“आई, माळावरून ते परत कधी आले?”

“सुगी झाल्यावर. गेले होते आठ जण, आले पाच.”

“आणि ते दळण?”

आजीनं सांगितलेलं मी तिला सांगितलं. पणजीच्या आईनं आल्या आल्या दार उघडून घर शेणानं सारवलं. जात्याची वरची तळी उचलली, आतलं काळं पडलेलं पीठ केरसुणीनं झाडून सुपात घेतलं आणि परड्यात खड्डा करून पुरलं. मग तळी धुवून उन्हात टाकली. दुसऱ्या दिवशी पहाटे जात्याचा आवाज आला तेव्हा शेजारच्या दोन बाया उठून दारात येऊन उभ्या राहिल्या. आपापली पाटी घेऊन.

बोट लांबून दिसली. लेक उठून हात हलवायला लागली, ती थांबावी म्हणून.